सहा गेले, तीन आले

इतिहासाचा तास संपत आला की शेवटची पाच-सात मिनिटे हाताशी उरतात. धडा झालेला असतो, घंटा व्हायची असते आणि मुलांचे डोळे खिडकीबाहेर लागलेले असतात. अशा वेळी पुस्तकात नसलेली एखादी गोष्ट सांगावी, असा माझा जुना परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा मी मुंबईहून सायकलीवर निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या पारशी तरुणांची गोष्ट सांगितली. सहा जण निघाले, सगळे विशीतले. साडेचार वर्षांनी त्यांतले तिघे परत आले. गोष्ट मुलांना आवडली. घंटा झाली, पोरे दप्तरे आवरू लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा शेजारच्या वाडीहून रोज सायकलीवर येणारा. तो म्हणाला, "सर, मग बाकीचे तीन नापास झाले का?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसण्यावारी नेऊन वर्गाबाहेर पडलो. कारण उत्तर मला सुचले नव्हते. ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली होती, आणि दर वेळी "तिघे परत आले" या वाक्याशी येऊन थांबलो होतो. जे परत आले नाहीत, त्यांच्याकडे मी मान वळवून पाहिलेसुद्धा नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलाचे माझ्याकडे थकलेले उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रथम सहांची नावे नीट घेऊ. कारण ती एकत्र क्वचितच घेतली जातात. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया. सगळे मुंबईचे, आणि सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. म्हणजे दोस्ती आखाड्यातली. वजन उचलणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते, ती ही की आपली ताकद आपलीच असली, तरी वजन हातातून सुटले तर ते सावरायला शेजारी कुणीतरी उभे असावे लागते.

१९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचे भाषण झाले. हा गृहस्थ युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. त्याची हकीकत ऐकून या मित्रांच्या डोक्यात जगप्रवासाचे वेड शिरले, आणि तीन वर्षे ते तिथे मुरत राहिले. अखेर १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, सोमवारी, सहा जण सहा सायकलींवर मुंबईहून निघाले. शारदीय नवरात्र चालू होते. सीमोल्लंघनाला चार-पाच दिवस अवकाश होता. पण या पोरांना मुहूर्ताची वाट पाहायची नव्हती.

सायकलीवरून दूरदेशी जाण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी होती असे नाही. टॉमस स्टीव्हन्स नावाचा एक गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तो पुरुषभर उंचीच्या पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीवर. आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानातल्या योकोहामाला पोचला. पुढे १८८५ मध्ये स्टार्लीची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर शोधून काढला, आणि सायकल हे सर्कशीतल्या कसरतीचे साधन न राहता सामान्य माणसाचे वाहन झाले. १८९० साली टॉमस अ‍ॅलन आणि विल्यम सॅक्टलबेन हे दोन अमेरिकन पदवीधर मित्र निघाले, ते कॉन्स्टॅन्टिनोपलहून सारा आशिया पालथा घालून पेकिंगला गेले. १८९६ साली जॉन फॉस्टर फ्रेझर हा स्कॉटिश वार्ताहर लन आणि लो या दोन मित्रांना घेऊन लंडनहून निघाला. ते तिघे इराण, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन असे करीत ७७४ दिवसांत १९,२३७ मैल फिरून घरी परतले.

यांच्यातच फ्रँक लेन्झ नावाचा एक अमेरिकन तरुण होता. तो १८९२ मध्ये एकटाच निघाला, आणि १८९४ साली तुर्कस्तानात मारला गेला. त्याचा शोध घ्यायला पुढच्या वर्षी कोण गेले असेल? तोच सॅक्टलबेन, जो स्वतः एका मित्राच्या सोबतीने आशिया पार करून आला होता. एकट्याने निघालेल्याला शोधायला सोबतीने गेलेल्याने जावे, यात मला या साऱ्या प्रवासांचे मर्म दिसते.

ज्याने लांबची सायकल मारलेली नाही, त्याला वाटते की दोस्तांची सोबत ही गप्पागोष्टींसाठी. गप्पा असतातच; पण खरी गोष्ट वेगळी आहे. त्या काळची सायकल म्हणजे पोलादी नळ्यांची जड चीज. चढ असो, उतार असो, गियर एकच. कॅरियरवर बिऱ्हाड बांधलेले. रस्त्याला खडी असेल तर नशीब. नसेल तर बैलगाडीच्या चाकोऱ्या नाही तर वाळू. पंक्चर झाले की ट्यूब काढा, घासा, सोल्यूशन लावा, ठिगळ दाबा, हवा भरा. स्पोक तुटला की चाक आउट झाले. एकट्याला हे सारे सामान आणि हे सारे श्रम स्वतः वाहावे लागतात. सहा जण असले म्हणजे ओझे वाटले जाते.

आणि सर्वांत मोठे ओझे वाऱ्याचे. सायकल मारणाऱ्याचा शत्रू चढ नव्हे. चढाला शेवट असतो. समोरचा वारा मात्र दिवसचे दिवस छातीवर बसतो. त्याला उपाय एकच. एकाने पुढे व्हायचे आणि वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून त्याच्या आडोशाने जायचे. मागच्याचे श्रम त्याने कितीतरी कमी होतात. पुढचा दमला की तो बाजूला होऊन मागे येतो, आणि दुसरा पुढे जातो. हे पाळीपाळीने वारा घेणे ध्यानात ठेवावे, म्हणजे सहांतले तिघे कुठे गेले याचा हिशेब नीट मांडता येईल.

पंजाब झाला, बलुचिस्तान झाले, आणि तांडा इराणात शिरला. रेल्वेचा रूळ १९२२ सालीच इराणच्या हद्दीतल्या दुझ्दापपर्यंत, म्हणजे आजच्या झाहेदानपर्यंत, गेला होता. पण आगगाडीत बसून वाळवंट पाहायला हे लोक निघाले नव्हते. इराण हा त्यांना इतर देशांसारखा परका देश नव्हता. सातव्या शतकात इराणची सासानी सत्ता अरबांपुढे कोसळल्यावर त्यांचे पूर्वज आपला धर्म घेऊन बाहेर पडले आणि गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले. बाराशे वर्षे इराणची आठवण त्यांनी अग्नीबरोबर जपली. मागे राहिलेले जरथोस्ती यझ्द आणि केरमान भागात दिवस काढीत होते. त्यांची स्थिती सुधारावी म्हणून १८५४ साली मुंबईच्या पारशांनी मानेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवले. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १८८२ मध्ये, तिथल्या जरथोस्त्यांवरचा जिझिया उठला. मुंबईच्या पारशाला इराण म्हणजे काय वाटत असेल, हे यावरून समजावे. मूळ घर, पण ज्याची किल्ली आता आपल्याकडे नाही असे घर.

त्या घरातही तेव्हा उलथापालथ चालली होती. हे सहा जण मुंबईहून निघाले त्याच महिन्याच्या अखेरीस रेझा खान इराणचा पंतप्रधान झाला. दोन वर्षांत जुन्या काजार घराण्याचे राज्य गेले आणि तो स्वतः शहा होऊन बसला.

तेहरानला आल्यावर सहांचे पाच झाले. नरिमान कापडियाला खाजगी कारणांसाठी घरी परतणे भाग पडले. तोवर त्याने सुमारे ५,००० किलोमीटर सायकल मारली होती. आपल्याकडे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुणी सायकलीवर गेला तर त्याचा गावोगाव सत्कार होतो. नरिमानने त्याहून अधिक अंतर कापले होते, तेही रस्ता नावाची वस्तू जिथे धड नव्हती अशा मुलुखातून. पण पृथ्वीप्रदक्षिणेच्या यादीत त्याचे नाव "मध्येच सोडून गेला" एवढ्या तीन शब्दांत संपते.

पाच जण पुढे बगदादला गेले. महायुद्धानंतर जुन्या तुर्की साम्राज्याचे तुकडे झाले होते. इराक इंग्रजांच्या ताब्यात होता, १९२१ पासून फैसल तिथे नावाला राजा होता. सीरिया फ्रेंचांकडे होता. मध्ये वाळवंट. बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी तेवीस दिवसांत कापले. वर भट्टीसारखे ऊन, मध्ये वाळूची वादळे, जवळचे पाणी मोजून प्यायचे, आणि रात्री मिळाला तर बदाउनी अरबांच्या तंबूचा आसरा. गंमत अशी की ते मुंबई सोडत होते त्याच ऑक्टोबरात नेर्न नावाच्या दोन भावांनी दमास्कस ते बगदाद अशी मोटारींची वाहतूक सुरू केली होती. वाळवंटात मोटार आली, त्याच हंगामात ही पोरे तिथे पायडल मारायला निघाली. शहाण्या माणसाने याला वेडेपणा म्हणावे, आणि म्हटलेही असेल. पण मोटारीतून गेलेल्याला वाळवंट खिडकीतून दिसते. सायकलवाल्याला ते पोटऱ्यांतून कळते.

पुढे भूमध्य समुद्र ओलांडून इटली, मग आल्प्सचा चढ, मग इंग्लंड. युरोप तेव्हा युद्धाच्या जखमा बांधीत होता. आणि मग अटलांटिक पार करून अमेरिका. तिथे त्यांनी पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटर सायकल मारली, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत. वाळवंटातून आलेल्या माणसाला हा देश कसा दिसला असेल! रस्ते लांबरुंद, दुकाने भरलेली. पण याच देशात या पाचांचे तीन झाले. वाळूने, उन्हाने, तहानेने जे झाले नाही, ते सुखाच्या मुलुखात झाले.

गुस्ताद हाथीरामने अमेरिकेतच राहायचे ठरवले. गोष्ट सांगणारे हे वाक्य भरकन सांगून पुढे जातात. मीही जात असे. पण ती अमेरिका कोणती होती, हे पाहिले पाहिजे. १९०९ साली मुंबईचाच एक पारशी, भिकाजी बलसारा, अमेरिकेचा नागरिक झाला होता. सरकारने हरकत घेतली, पण १९१० मध्ये वरच्या कोर्टाने त्याचे नागरिकत्व कायम केले. पारशी हा 'गोऱ्या माणसां'त बसतो, असा तो निकाल. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्यांचीसुद्धा नागरिकत्वे काढून घेण्याचे खटले मग सुरू झाले. १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली फटही बुजली, आणि ते दार पुन्हा किलकिले झाले ते १९४६ साली. हे सहा जण मुंबईहून निघाले ते या निकालाच्या वर्षातच. तेव्हा गुस्तादचे तिथे थांबणे म्हणजे सुखाला भुलून गादीवर पडणे नव्हते. ज्या घराने आत घेणार नाही असे पाटी लावून सांगितले, त्याच्या ओसरीवर बिऱ्हाड टाकणे होते. सायकल मारण्यापेक्षा ते धाडस कमी होते, असे मला म्हणवत नाही.

आणि गुस्ताद थांबल्याचे दुःख केकी पोचखानावालाला पेलवले नाही. त्याने जहाज धरले आणि तो घरी निघून गेला. मला या सहांत केकी सर्वांत जवळचा वाटतो. बगदादच्या वाटेवर तो होता, आल्प्सवर तो होता. पाय थकले म्हणून तो परतला नाही. मित्र उरला नाही म्हणून परतला. विक्रमांच्या वहीत या कारणाला रकाना नाही. पण ज्याने कधी जिवलग मित्र गमावला आहे, त्याला केकीचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

उरले हकीम, बापासोला आणि भुमगरा. पॅसिफिक ओलांडून ते जपानला गेले. ते मुंबईहून निघण्याच्या सहा आठवडे आधी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, भूकंपाने टोकियो आणि योकोहामा जमीनदोस्त केली होती. ती शहरे पुन्हा उभी राहत होती. पुढे कोरिया, जो १९१० पासून जपानच्या टाचेखाली होता. मग चीन, जिथे नावाला प्रजासत्ताक आणि प्रत्यक्षात निरनिराळ्या सेनापतींच्या लढाया. मग फ्रेंचांचे इंडोचायना, त्याची दाट जंगले, त्यानंतर सयाम, आणि ब्रह्मदेश. नकाशा पुढे ठेवून पाहिले तर ध्यानात येते की आशियातले जे मुलूख त्यांनी तुडवले, त्यांतले किती थोडे स्वतःच्या मालकीचे होते! इराण, चीन, जपान आणि सयाम एवढे सोडले तर दर सरहद्दीवर कुणी ना कुणी परका साहेब बसलेला. फ्रेझरच्या खिशात जेत्याचा पासपोर्ट होता. यांच्या खिशात जितांचा. म्हणून आपले सायकलवाले फ्रेझरच्या दुपटीहून जास्त मैल हिंडले, ही नुसती आकड्यांची बढाई नाही. गुलाम देशातला तरुणही जग पाहायला स्वतःच्या पायांनी निघू शकतो, असे ते न बोलता सांगत गेले.

ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच कारभारात मोडत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. तेव्हा सयामची हद्द ओलांडली, त्या दिवशी कागदोपत्री ते घरी आले. प्रत्यक्ष घर मात्र अजून एका टोकाला होते. १८ मार्च १९२८ रोजी, रविवारी, तिघे मुंबईत शिरले. पाडवा चार दिवसांवर आला होता. ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर. पृथ्वीच्या घेराच्या पावणेदोन पट. दिवस सोळाशे सोळा. वाटेतले मुक्काम, आजारपणे, बोटींवरचे दिवस सगळे धरून रोजचे चव्वेचाळीस किलोमीटर पडतात.

१९३१ साली तिघांनी मिळून या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक लिहिले, 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड'. पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि आपल्याला या तरुणांचा हेवा वाटतो असे मोकळेपणी सांगितले.

मुंबईच्या पारशांत हे वेड मग पसरलेच. १९२४ च्या जानेवारीत फ्रामरोझ दावर हा क्रीडा-वार्ताहर एकटाच निघाला. एकटा निघाला खरा, पण व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन जोडीदार भेटला. आणि १९३१ पर्यंत ते दोघे सहारा, अँडीज, अ‍ॅमेझॉनचे खोरे असे बरोबर हिंडले. एका तांड्याने परदेशात एक गुस्ताद ठेवला, आणि दुसऱ्या वाटसरूला परदेशानेच एक गुस्ताव दिला! योगायोगच, पण वाटेचा जमाखर्च कधीकधी असा जुळतो. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले, ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४२ साली, परत आले.

हा सारा पट मांडून झाल्यावर मी पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाशी येतो. तिघे नापास झाले का?

मुंबईत शिरलेल्या तिघांच्या पायांत फक्त तिघांचे बळ नव्हते. तेहरानपर्यंतच्या वाऱ्यात नरिमानची पाळी होती. अलेप्पोपर्यंतच्या वाळूत, आल्प्सच्या चढावर गुस्तादची आणि केकीची पाळी होती. जेवढा वारा त्यांनी छातीवर घेतला, तेवढे श्रम मागच्यांचे वाचले, आणि ते वाचलेले श्रम चीनमध्ये, इंडोचायनाच्या जंगलात खर्ची पडले. शेवटचा मैल ज्याने कापला त्याच्या नावावर सगळी वाट लिहायची, हा हिशेब सावकाराचा झाला. दोस्तांचा हिशेब असा नसतो. दोस्त जिथवर बरोबर आला तिथवरची वाट त्याची. आणि पुढची वाटही थोडीशी त्याचीच.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या मुलाला गाठले. हातात सायकल होती. बरोबर आणखी तिघे, त्याच वाटेचे. मी विचारले, "पावसाळ्यात पुलावर वारा लागतो, तेव्हा पुढे कोण असतो रे?"

"पाळीपाळीनं सर," तो म्हणाला. "एकटाच पुढं राहिला तर दम निघतो."

"आणि वाटेत कुणाचं घर आधी येतं?"

त्याने शेजारच्या किडकिडीत पोराकडे बोट केले. "याचं. पुलापल्याडच."

"मग हा तिथून वळतो. तुमच्यासारखा वाडीपर्यंत येत नाही. हा नापास का?"

मुलाला तो जुना प्रश्न आठवला. तो ओशाळला, मग हसला, आणि मला जे इतके दिवस सुचले नव्हते ते सहज बोलून गेला.

"नापास कसा सर? त्याचं घर आलं!"